डब्ल्यूपीचं नाक: उद्यमबागेतल्या एका इंजिन-मॉडेलचं प्रकरण

पार्श्वभूमी

खानापूर तालुक्यातल्या एका शिक्षणसंस्थेला हायस्कूलच्या विज्ञानदालनात वाफेच्या इंजिनाचं मॉडेल हवं होतं. माजी विद्यार्थ्यांची वर्गणी जमली होती, दालन बांधून झालं होतं. संस्थेच्या अध्यक्षांनी दोनच गोष्टी सांगितल्या: इंजिन जुन्या 'गोळी'सारख्या तोंडाचं, देखणं हवं आणि पाहुण्यांनी बटण दाबलं की चाकं फिरली पाहिजेत. आत काय असावं, रोज ते कोण चालवणार, याबद्दल त्या बैठकीत कोणीच काही विचारलं नाही. पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं, असं माझं मत आहे.

काम घेतलं बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका पॅटर्नवाल्याने. आसपासच्या फौंड्र्यांना पंपाचे, व्हॉल्वचे सागवानी पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी लागणारे लाकडी नमुने, करून देण्यात त्यांचा जन्म गेला. हल्ली पॅटर्न सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, निघतात, त्यामुळे हाताशी सवड होती. मदतीला भाचा, डिप्लोमा झालेला, मच्छेच्या एका कारखान्यात मशीनवर असतो. तिसरे मास्तर, निवृत्त चित्रकला शिक्षक. त्यांना रेल्वेचं वेड इतकं, की इंजिनाचा वर्ग आणि नंबर ते नातेवाइकांच्या वाढदिवसांपेक्षा पक्के सांगतात. मी पॉलिटेक्निकमध्ये मशीन ड्रॉइंग शिकवतो, ड्रॉइंग तपासण्यापुरता या कामात होतो. नावं बदलण्याऐवजी काढूनच टाकली आहेत, त्यामुळे पुढे मामा, भाचा, मास्तर आणि अध्यक्ष एवढेच.

पहिला निर्णय: कुठलं इंजिन?

अध्यक्षांच्या डोक्यात 'मॅलार्ड' होतं. 3 जुलै 1938 रोजी ताशी 126 मैल, म्हणजे सुमारे 203 किलोमीटर वेग गाठलेलं, नायजेल ग्रेस्ली यांच्या ए4 वर्गातलं हे ब्रिटिश इंजिन. वाफेच्या इंजिनाचा विक्रम आजही त्याच्याच नावावर आहे. शाळेत मांडायला गोष्ट चांगली. पण मामांनी ड्रॉइंग पाहून मान हलवली. कारणं दोन. एक म्हणजे ए4 ला तीन सिलिंडर. तिसरा दोन फ्रेमच्या मध्ये दडलेला, त्याची व्हॉल्व-चाल बाहेरच्या दोघांवरून तरफांनी घेतलेली. छोट्या मापात ते काम म्हणजे डोकेदुखी. दुसरं, त्याचं नाक पाचरीसारखं उतरतं. गोल नाही, त्यामुळे लेथवर काही निघत नाही, सगळा पत्रा ठोकून वळवायचा.

मामांना स्वतःला वायपी, म्हणजे मीटरगेजवरचं प्रवासी इंजिन, करायचं होतं. आपल्या मिरज-लोंढा मार्गावर 1990च्या दशकापर्यंत मीटरगेज होतं, आणि बेळगाव स्टेशनवर पाणी भरताना लोकांनी पाहिलेली इंजिनं मीटरगेजचीच. मास्तरांचं म्हणणं, वायपी घरचं खरं, पण त्याला गोळीचं तोंड कुठाय? अध्यक्ष ते घेणार नाहीत.

मधला रस्ता निघाला डब्ल्यूपीचा. भारतीय ब्रॉडगेजवरचं हे प्रवासी इंजिन. पहिली 16 इंजिनं 1947 साली अमेरिकेच्या बाल्डविन कारखान्यातून आली, 1967पर्यंत एकूण 755 झाली आणि त्यातली शेवटच्या काळातली चित्तरंजनला बांधली गेली. सिलिंडर दोनच, दोन्ही बाहेर. नाक शंकूसारखं फुगीर, मधोमध दिवा आणि भोवती रंगवलेली चांदणी. पूर्ण आवरण नाही, अर्धवटच, पण पाहणाऱ्याला ते पुरतं. आणि पॅटर्नवाल्याच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे, ते नाक गोल फिरणाऱ्या आकाराचं. लेथवर लाकडी साचा काढून त्यावर तांब्याचा पत्रा फिरवून बसवता येतो.

डब्ल्यूपी बेळगावच्या मीटरगेजवर कधी धावणं शक्यच नव्हतं, हे मास्तरांनी फलकावर लिहायला लावलं. फलक तीन भाषांत झाला, कन्नड वर, मग मराठी, मग इंग्रजी. त्यावर कोणी वाद घातला नाही. वाद झाला तो नाकावरून.

माप आणि नकाशा

प्रमाण ठरायला फार वेळ लागला नाही. मामा अजून इंचांत विचार करतात, म्हणून एक फुटाला पाऊण इंच, म्हणजे 1:16. खऱ्या इंजिनाची चालक चाकं 67 इंची, मॉडेलची 106 मिलिमीटर. सिलिंडरचा व्यास सव्वावीस इंच, तो इथे 32 मिलिमीटर. टेंडरसकट, म्हणजे मागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यासकट, लांबी दीड मीटरच्या आत, सहा फुटी काचपेटीत बसणारी. ब्रॉडगेजचे 1676 मिलिमीटर या प्रमाणात जवळजवळ 105 होतात. छंदवाल्यांच्या कुठल्याच तयार रुळांचं हे माप नाही. भाच्याने आग्रह धरला होता की साडेतीन इंची तयार रूळ घ्यावेत, म्हणजे उद्या दुसरीकडे चालवता येईल. पण 89 मिलिमीटरच्या त्या रुळांवर 1:16चं ब्रॉडगेज इंजिन बसवलं तर ते चाकं आखडून उभं राहिल्यासारखं दिसतं. डब्ल्यूपीचा रुंद पवित्राच जातो. रूळ आपलेच करायचे ठरले, आणि मला विचाराल तर तो निर्णय बरोबर होता.

नाकाच्या मापाला मात्र दिवस गेले. मास्तर लग्नासाठी दिल्लीला गेले होते, तिथून रेवाडीच्या शेडला जाऊन 'अकबर' म्हणजे डब्ल्यूपी 7161चे फोटो घेऊन आले. मामांनी फोटोवरून सागवानात पहिलं नाक काढलं. ते बोजड दिसू लागलं. मोबाइलचा कॅमेरा जवळ धरला की पुढचा भाग मोठा दिसतो, मागचा आवळला जातो. फोटोतली फुगवटी खरी नव्हतीच. शेवटी लांबून, बाजूने काढलेला एकच फोटो निवडला, त्यात ज्ञात माप म्हणून चालक चाकाचा व्यास धरला, आणि नाकाच्या अर्ध्या बाह्यरेषेच्या आकाराच्या प्लायच्या चार पट्ट्या कापून घेतल्या. मामा लेथवर लाकूड फिरवत, थांबवून पट्टी लावत, मागे दिवा धरून फट बघत. पट्टी आणि लाकूड यांच्यातून उजेड आला की पुन्हा पटाशी.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. ए4चं मॉडेल वाऱ्याच्या बोगद्यात तपासताना धूर वर उचलला जात नव्हता, तेव्हा चिमणीमागे प्लॅस्टिसिनवर कोणाचा तरी अंगठा चुकून दाबला गेला आणि त्या खळग्याने धूर उचलला, असं सांगतात. मास्तरांनी ही गोष्ट मामांना नेमकी ते लाकडावर टेम्प्लेट लावत असताना सांगितली. मामा म्हणाले, "मास्तर, आमच्यात अंगठा लावला की पॅटर्न परत येतंय."

तांब्याचं काम शहरातल्या एका भांडी स्पिनिंगवाल्याने केलं. एक मिलिमीटर जाड पत्रा, सागवानी साच्यावर फिरवत, दांड्याने दाबत. तांबं काम करता करता कडक होतं, म्हणून दर टप्प्याला लाल करून पाण्यात बुडवायचं, मग पुन्हा फिरवायचं. घाई केली की कडेला चिरतं. दोन पत्रे गेले, तिसरा बसला.

वाफ की हवा?

हा मुद्दा पटकन मिटला. मामांना खरा बॉयलर करायचा होता. 25 लिटरपेक्षा कमी क्षमतेचं भांडं बॉयलरच्या कायदेशीर व्याख्येत येत नाही, आणि हा जेमतेम काही लिटरचा झाला असता. पण कायद्यात बसत नाही म्हणजे फुटत नाही असं थोडंच आहे. चांदीच्या झाळाचे सांधे, दुप्पट दाबाची पाण्याची चाचणी, दरवर्षी तपासणी, हे सगळं शाळेत कोण करणार? मुलांच्या गर्दीत पेटवलेला बर्नर नको, हे मी लेखी दिलं. इंजिन दाबाखालच्या हवेवर चालवायचं ठरलं. उद्यमबागेत कंप्रेसर नसलेलं शेड शोधून सापडत नाही, त्यामुळे चाचणीची सोयही होती.

हवेची वाट मामांनी खऱ्या वाफेच्या वाटेनेच नेली. कॅबमधल्या झडपेपासून बॉयलरच्या नळीतून पुढे स्मोकबॉक्समध्ये, म्हणजे चिमणीखालच्या धुराच्या पेटीत, तिथे टी-जोड, तिथून दोन फाटे दोन सिलिंडरांना. वापरलेली हवा चिमणीतून बाहेर, म्हणजे 'छुक छुक' आपोआप. ही रचना सुंदर आहे, यात वाद नाही. पण टी-जोड येतो तो बरोबर नाकाच्या मागे.

अडचण: नाक पक्कं की सुटं?

इथे मामा-भाचे पहिल्यांदा भिडले. भाच्याचा प्रस्ताव होता की नाकाच्या आत एक कडं बसवावं, पाव फेरा फिरवलं की अडकेल, उलट फिरवलं की सुटेल. मामांना सांध्याची रेघ नको होती.

"मामा, उद्या आतलं काही उघडायचं झालं तर?"

"कशाला उघडतोस? घट्ट बसलंय की."

मास्तरांनी फोटो दाखवला. खऱ्या इंजिनाच्या फोटोतही नाकामागे सांधा दिसतो, आणि तो असणारच. स्मोकबॉक्समध्ये राख साठते, ती रोज काढावी लागते, त्यामुळे पुढचं तोंड उघडल्याशिवाय कोळशाचं इंजिन सहसा दुसऱ्या दिवशी कामाला निघत नसे. ए4चं ते आखीव नाकही हँडल फिरवलं की वर-खाली दोन झडपांनी माशाच्या जबड्यासारखं उघडतं, आत साधं गोल दार. ज्यांनी ही सोय कमी ठेवली, त्यांच्यावर आवरण उतरवायची वेळ आली. ए4च्या चाकांवरचे पत्रे महायुद्धात देखभालीसाठी काढून टाकले, इंजिनं सेवेत असेपर्यंत पुन्हा बसवले नाहीत. लंडन मिडलंड अँड स्कॉटिश रेल्वेच्या 1937च्या 'कॉरोनेशन' वर्गाचं आवरण 1946पासून उतरवायला लागले. नेहमीच्या वेगाला त्याचा फायदा थोडा आणि फिटरला त्रास रोजचा. जर्मनीच्या 05 002 ने 11 मे 1936 रोजी 200.4 किलोमीटरचा वेग घेतला होता, पण युद्धानंतर या वर्गाच्या इंजिनांचंही आवरण गेलं.

हे सगळं सांगून झाल्यावर अध्यक्ष शेडवर आले. बिनरंगाचं तांब्याचं नाक हातात घेऊन ते खूश झाले आणि जाताना म्हणाले, "सांधा तेवढा दिसता कामा नये हां." संपला विषय. नाक पितळी स्मोकबॉक्सला डाख देऊन बसवलं, कानस मारली, पॉलिश पेपर, प्रायमर, रंग. दिसायला खरोखर अप्रतिम. मीही तेव्हा तसंच म्हणालो, आणि दिसण्यापुरतं ते आजही म्हणेन.

बिघाड

नाक बसवण्याआधी इंजिन दोन बार दाबाच्या हवेवर छान चाललं होतं. डाख दिल्यानंतर हवा लावून पाहिलीच नाही, थेट रंगाला गेलं. उद्घाटनाच्या आठवड्यात काचपेटीत ठेवून कंप्रेसर जोडला, तर उजवी बाजू नीट आणि डावा सिलिंडर मेलेला. चाकं एका जागी अडखळत, हाताने ढकलली की अर्धा फेरा घेत. नाकाला कान लावला तर आत स्पष्ट फुसफुस.

कारण भाच्याने पाच मिनिटांत सांगितलं. टी-जोडात गळती अडवणारी ओ-रिंग होती, नायट्राइल रबराची. साधा डाख वितळायला 180 अंशांच्या वर तापवावं लागतं, आणि नायट्राइल त्या उष्णतेला टिकत नाही. नाक बसवणाऱ्या टॉर्चनेच नाकामागचा जोड भाजला होता.

पर्याय

शेडमध्ये त्या रात्री जे पर्याय मांडले गेले ते असे. डाख सोडवून नाक काढायचं, रिंग बदलायची. यात रंग जळणार, आणि बाहेर आषाढातला पाऊस. बेळगावच्या त्या ओल्या हवेत रंग पुन्हा वाळून पॉलिश होईपर्यंत पाहुणे येऊन गेलेले असणार. दुसरा, स्मोकबॉक्सला पोटाकडून भोक पाडून वाकड्या पान्याने जोड गाठायचा. फ्रेमच्या मधली जागा इतकी अरुंद की मामांनीच तो नाकारला. तिसरा, दाब वाढवून गळतीसकट चालवायचं. मला तो अजिबात पटला नाही. आधीच भाजलेल्या जोडावर जास्त दाब द्यायचा, तोही पाहुण्यांसमोर? चौथा, तारीख पुढे ढकलणं. ते अध्यक्षांना सांगायचं कोणी, यावरच तो पर्याय अडला.

पाचवा भाच्याचा. इंजिन रुळांवर न ठेवता रोलरवर ठेवायचं आणि रोलर खालून मोटरने फिरवायचे. चाकं फिरतील, दांडे हलतील, पिस्टन मागेपुढे जातील. बघणाऱ्याला फरक कळणार नाही. मामा उखडले. "म्हणजे गाडीने बैल ओढायचे?"

मला वाटतं या प्रकरणातला खरा निर्णय इथे झाला, आणि तो मास्तरांनी केला. त्यांनी विचारलं की शाळेत कंप्रेसर रोज कोण लावणार. शिपाई? विज्ञानाचे सर? शेजारच्या वर्गात तास चालू असताना तो आवाज कोण सहन करणार? आणि हवेतून येणारं तेल आणि पाणी चिमणीतून उडून काचेला लागणार ते वेगळंच. चाचणीच्या वेळी काचेवर आलेले तेलाचे ठिपके सगळ्यांनी पाहिले होते. मामा गप्प झाले, पण पटलं असं म्हणाले नाहीत.

काय केलं

भंगारवाल्याकडून गाडीच्या वायपरची 12 व्होल्टची मोटर आणली. 40 मिलिमीटरचे रोलर लेथवर काढले, बेअरिंगवर बसवले, मोटरला जोडले. रोलर चाकापेक्षा लहान असल्याने चाकं सावकाश फिरतात, आणि तेच फायद्याचं ठरलं. कनेक्टिंग रॉड, क्रॉसहेड, व्हॉल्व-गिअरची ती तिरकी डोलणारी चाल मुलांना नजरेने धरता येते. आतल्या हवेचा अडथळा होऊ नये म्हणून सिलिंडरच्या खालचे निचऱ्याचे कॉक उघडे ठेवले आणि सिलिंडरात थोडं तेल सोडलं. कॉक बंद ठेवून पाहिलं तेव्हा मोटर दमत होती.

उद्घाटन झालं. बटण दाबलं, चाकं फिरली, टाळ्या पडल्या. मामा मागच्या रांगेत बसले होते आणि फोटोला पुढे आले नाहीत.

निष्पत्ती

दसऱ्यानंतर हवा कोरडी झाल्यावर इंजिन उद्यमबागेत परत आलं. टॉर्च लावून नाक सोडवलं. आत ओ-रिंग चपटी होऊन एका बाजूला तडकलेली निघाली. तिच्या जागी तांब्याचं वायसर घातलं, आणि नाकाला भाच्याचं पाव फेऱ्याचं कडं बसलं, मामांनीच लेथवर काढून दिलेलं. आत गेल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. व्हॉल्वच्या पोलादी दांड्यांवर गंज होता. पावसाळ्यात कंप्रेसरच्या हवेतलं पाणी तिथे साचलं होतं. गनमेटलच्या सिलिंडरला काही झालं नव्हतं. दांडे स्टेनलेसचे केले, हवेच्या वाटेवर पाणी गाळणारी बाटली लावली.

आता रोजच्याला मोटर आणि 26 जानेवारीसारख्या दिवशी, भाचा स्वतः हजर असेल तेव्हाच, हवा. विज्ञानाचे सर नाक फिरवून काढतात आणि वाफ कुठून येते, कशी फाटते, चिमणीतून का बाहेर टाकतात हे आत बोट दाखवून शिकवतात. चिमणीतून जाणारी वाफ आगीचा धूर नळ्यांमधून ओढून घेते, त्यामुळे इंजिन जितकं जोर लावतं तितकी आग फुलते. हा भाग बंद नाकाच्या मॉडेलवर नुसत्या शब्दांनी सांगावा लागला असता. सांध्याची रेघ दिसते. अध्यक्षांनी एकदा ती रंगाने बुजवता येईल का असं विचारलं. मामांनी "बघू या की" म्हणून वेळ मारून नेली.

वेगळं काय करता आलं असतं

बटण कोण दाबणार, किती वेळा दाबणार, हे पहिल्या बैठकीत ठरलं असतं तर कदाचित सिलिंडर, पाइप, टी-जोड यांवरचे महिने वाचले असते. पण मग ते मॉडेल मोटरवरचं खेळणं झालं असतं, हे मामांचं उत्तर, आणि ते मला खोडता येत नाही. चिमणीतून येणारा तो एकेक ठोका मोटरने येत नाही.

बंद करायच्या भागामागे रबराचं काही ठेवू नये, आणि तापवण्याचं प्रत्येक काम झाल्यावर पुन्हा हवा लावून पाहावी, हे तर फौंड्रीतल्या पोऱ्यालाही कळतं. रंगाच्या घाईत ते राहून गेलं. इथे उद्घाटनाची तारीख आड आली. ती ठरवताना कामाचा हिशेब कोणी विचारला नव्हता.

सुटं नाक की जोडाची जागा बदलायची, यावर मात्र अजून एकमत नाही. भाच्याचं म्हणणं, हवेची वाट टेंडरकडून फ्रेमच्या आतून आणली असती, टी-जोड सिलिंडरांच्या मध्ये खाली ठेवला असता, तर नाक पक्कं ठेवूनही देखभाल झाली असती. दोन बारला पाइप चार इंच लांब झाला तरी काही बिघडत नाही. मामांना ते मान्य नाही. वाफ जिथून जाते तिथूनच हवा गेली पाहिजे, नाहीतर सर शिकवणार काय? मास्तरांना ए4 करायचंच आहे, आणि त्यांनी त्याच्या नाकातल्या दोन झडपांचं रेखाटन मामांच्या टेबलावर ठेवून दिलंय. मामांनी अजून होकार दिलेला नाही. पण त्या कागदावर पेन्सिलीने बिजागरीची जागा कोणीतरी खुणावलेली आहे, आणि ते अक्षर इंचांतलं आहे.